तीन मिनिटं शाळेसाठी: न्यू जर्सीतल्या मराठी पालकांना खुलं पत्र

न्यू जर्सीच्या उपनगरांत घर करून राहिलेल्या मराठी आई-बाबांनो,

गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या टाउनशिपच्या हायस्कूलमध्ये बजेटची जाहीर सुनावणी होती. कॅफेटेरियातली लांब टेबलं घडी करून भिंतीला लावलेली, समोर स्कूल बोर्डाचे नऊ सदस्य, मध्ये एक माइक. आपली बरीच मंडळी त्या दिवशी आली होती, कारण एपी फिजिक्सचा, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या फिजिक्सचा, एक वर्ग कमी होणार अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली होती. आपल्यातलेच एक गृहस्थ माइकपाशी गेले. तयारी करून आले होते, चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "एपीचा एकही वर्ग कमी होता कामा नये. पैसे कमी पडत असतील तर ते लाकूडकाम बंद करा. आजच्या जगात त्याचा काय उपयोग?" आपल्या रांगांमधून टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या वाजवताना माझं लक्ष उजवीकडे गेलं. शॉपचे, म्हणजे शाळेतल्या लाकूडकामाच्या कार्यशाळेचे, सर भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात खिशात. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बँडसॉवर कशी धरायची, बोटं पात्यापासून किती लांब ठेवायची, हे माझ्या मुलीला त्यांनीच शिकवलं. तिच्या रोबोटिक्स संघाच्या यंत्राचा सांगाडा त्यांच्या शॉपमध्ये, शाळा सुटल्यावर, त्यांच्या नजरेखाली उभा राहिला. त्यांनी माझ्याकडे बघून ओळखीची मान हलवली. माझे हात तिथेच थांबले. त्या टाळ्या मला वर्षभर बोचत राहिल्या आहेत.

एपी फिजिक्सचा वर्ग वाचला. गाडीदुरुस्ती शिकवणारं ऑटो शॉप बंद झालं, संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या दोन लेट बसपैकी एक गेली, आणि लाकूडकामाला एका वर्षाची मुदत मिळाली. यंदाच्या यादीत ते पुन्हा आहे. सोबत उरलेली लेट बस, मार्चिंग बँडच्या साहाय्यक सरांचं मानधन, नववीचे खेळाचे संघ आणि शाळेचं वर्तमानपत्र सांभाळणाऱ्या बाईंचं मानधन. एपीला यंदा कुणी हात लावलेला नाही. म्हणूनच मला धास्ती आहे की यंदा आपल्यातलं कुणी फिरकणारच नाही.

हे कुणी आकसानं करतंय असं मात्र समजू नका. आपल्या राज्यात शाळेसाठी लावायचा मालमत्ता कर वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही; काही ठरावीक खर्चांना सूट आहे, पण ती तेवढीच. शिक्षकांच्या आरोग्यविम्याचे हप्ते मात्र त्या मर्यादेत राहत नाहीत. बसचे करार राहत नाहीत. राज्याकडून येणाऱ्या मदतीचं वाटप २०१८ च्या कायद्यानं बदललं आणि तो बदल पुढच्या सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं लागू झाला. काही शाळा-डिस्ट्रिक्टांचा वाटा वाढला, काहींचा घटला. आमचा घटला. कोविडच्या काळात वॉशिंग्टनहून आलेला पैसा सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. बोर्डावर बसलेले लोक आपले शेजारीच आहेत, तीन वर्षांसाठी निवडून आलेले, एका डॉलरचंही वेतन न घेणारे. त्यांना कुठेतरी कात्री लावावीच लागते. आणि कात्री लागते ती जिथून आवाज येत नाही तिथे.

मी आठवड्यातून दोन दिवस त्याच शाळेत सबस्टिट्यूट टीचर, म्हणजे बदली शिक्षिका, म्हणून जाते. त्यामुळे या यादीतली एकेक ओळ म्हणजे नेमकं काय, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

लेट बस घ्या. आमची शाळा अडीचला सुटते. क्लब, संघ, नाटकाच्या तालमी, जादा तास हे सगळं त्यानंतर. सव्वापाचला एक पिवळी बस निघते आणि मागे राहिलेल्या मुलांना घरी सोडते. आपल्यापैकी बहुतेकांना ही बस असते हेही ठाऊक नसतं, कारण आपल्यातलं कुणीतरी घरून काम करत असतं आणि पाच वाजता गाडी घेऊन दाराशी उभं असतं. माझ्या मुलीच्या बँडमध्ये एक मुलगा सूझाफोन वाजवतो. अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचं ते अजस्र वाद्य. हायवेलगतच्या अपार्टमेंटांत राहतो. त्याची आई टर्नपाइकच्या एक्झिट आठ-ए जवळच्या गोदामांत दुपारच्या पाळीला जाते, घरात गाडी एकच. एक बस गेल्यापासून उरलेली बस सगळ्या टाउनशिपला वळसा घालते आणि हा मुलगा सातला घरी पोचतो. हिवाळ्यात काही वेळा मी त्याला सोडलं. मागच्या सीटवर नोटेशनची फाइल मांडीवर उघडी, आणि बोटानं गुडघ्यावर मात्रा मोजत बसलेला. घर आलं की न चुकता थँक यू म्हणतो, आणि जिन्याचा दिवा लागेपर्यंत मी थांबते. ही उरलेली बसही गेली तर त्याच्यासाठी बँड संपला. तालीम चालू राहील, सूझाफोन कपाटात राहील, आणि कुणाच्याही कागदावर "एक विद्यार्थी कमी" अशी नोंद होणार नाही.

आता बँड. आपल्याकडे अजूनही लोक मला विचारतात, "मुलगी बँडमध्ये? वेळ जात नाही का?" ऑगस्टमधल्या बँड कॅम्पला एकदा या, असं मी सांगते. पार्किंगच्या डांबरावर खडूनं आखलेल्या रेघा, पाण्याचे मोठे पिंप, नव्वद मुलं. पाच यार्डांत आठ पावलं टाकायची, म्हणजे एकेक पाऊल साडेबावीस इंचांचं. ना कमी, ना जास्त, आणि तेही वाजवत, मान न वळवता, डोळ्यांच्या कडेनं शेजारच्याची ओळ धरत. प्रत्येकाला प्रत्येक आकृतीतली स्वतःची जागा पाठ असते. नववीतलं पोर चुकलं तर बारावीतली मुलगी त्याला हाताला धरून नेऊन उभं करते. गणपतीत ढोल-ताशा पथकात उतरलेल्यांना हे मी वेगळं सांगायला नको; घामानं निथळत एका ठेक्यावर शंभर माणसं आणणं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. फुटबॉलच्या संघात निम्मी मुलं बाकावर बसून असतात. बँडला बाकच नाही, सगळे मैदानात. या नव्वद मुलांना सांभाळायला दोन माणसं आहेत: एक समोर हात हलवणारे, दुसरे शिडीवर चढून वरून ओळी बघणारे. कोण उन्हानं पांढरं पडतंय, कोण लंगडतंय, हे त्या दुसऱ्यांनाच दिसतं. यादीत जे मानधन आहे ते त्यांचं.

आणि लाकूडकाम. गेल्या वर्षी मी ज्यावर टाळी वाजवली ते.

शाळेत खास गरजा असलेल्या मोठ्या मुलांचा एक वर्ग आहे. ही मुलं वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेत राहू शकतात आणि त्यांना रोजच्या जगण्याची, कामाची सवय लावली जाते. दर शुक्रवारी दुसऱ्या तासाला ती कॉफीची गाडी घेऊन निघतात. वर्गावर्गाच्या दाराशी थांबायचं, ऑर्डर घ्यायची, कॉफी द्यायची, पैसे घ्यायचे, सुटे परत करायचे. मी पहिल्यांदा कॉफी घेतली तेव्हा एका उंच मुलानं माझ्या पाच डॉलरचे सुटे मोजायला दोन-तीन मिनिटं घेतली. त्याच्या बाई बाजूला उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. तो प्रत्येक नोट टेबलावर ठेवायचा, बोट टेकवायचा, आकडा म्हणायचा. शेवटचं नाणं ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या वर्गातली पंचवीस मुलं, एरवी घंटा व्हायच्या आत दप्तर भरणारी, तोवर गप्प बसून होती. ती गाडी शाळेनं विकत घेतलेली नाही. लाकूडकामाच्या मुलांनी बनवलेली आहे. पेले हलू नयेत म्हणून फळीला भोकं पाडून घेतली आहेत, आणि मूठ त्या उंच मुलाच्या हाताच्या उंचीला बसवली आहे, कारण वाकून ढकलताना त्याची पाठ दुखायची. मूठ कुठे हवी, हे शॉपच्या मुलांनी त्या वर्गात जाऊन मोजून घेतलं होतं.

अशा मुलांना पूर्वी शाळेत जागाच नव्हती. १९७५ साली काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. तो करताना तिच्यापुढे आलेली माहिती अशी होती की देशात दहा लाखांहून जास्त मुलांना सार्वजनिक शाळांनी पूर्णपणे बाहेर ठेवलं आहे. शुक्रवारची कॉफीची गाडी शाळेत फिरते ती त्या कायद्यामुळे आणि तो व्हावा म्हणून कोर्टात गेलेल्या आई-बापांमुळे.

हे मी का सांगते? आपण इथे आलो तेव्हा हायस्कूल आयतं तयार होतं. रस्ते होते, ग्रंथालय होतं, तशी शाळा होती. घर घेताना आपण एका वेबसाइटवर तिचा दहापैकी आकडा बघितला. मीही नऊ बघूनच हे घर घेतलं. त्या आकड्यात परीक्षांचे गुण होते. ही शाळा मुळात आली कुठून, हे मी कधी विचारलंच नव्हतं. सबस्टिट्यूट म्हणून इतिहासाच्या वर्गांवर जायला लागले तेव्हा मुलांबरोबर मीही वाचायला लागले.

अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक हायस्कूल १८२१ मध्ये बॉस्टनला निघालं. पण पुढची पन्नास वर्षं एक वाद मिटेना: लोकांच्या करातून प्राथमिक शाळा चालवणं ठीक, हायस्कूल कशाला? मिशिगनमधल्या कॅलमझू गावात चार्ल्स स्टुअर्ट या माजी सिनेटरनं आणि इतर करदात्यांनी १८७३ मध्ये खटलाच भरला, की आमच्या करातून हायस्कूल चालवायचा शाळेच्या बोर्डाला अधिकार नाही. १८७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी बोर्डाच्या बाजूनं निकाल दिला, आणि इतर राज्यांतही त्या निकालाचा दाखला दिला जाऊ लागला. हे वाचताना मला महात्मा फुले आठवले. त्यानंतर आठच वर्षांनी, १८८२ मध्ये, इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे फुल्यांनी मांडलं की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. स्टुअर्ट म्हणत होता, माझा पैसा दुसऱ्याच्या मुलांवर का? फुले विचारत होते, ज्याचा पैसा त्याच्याच मुलाला शाळा का नाही? प्रश्न दोन्हीकडे कराचाच होता. आपण कुणाच्या बाजूचे, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे.

१९१० मध्ये या देशात हायस्कूल पूर्ण करणारी मुलं त्या वयाच्या शंभरात नऊच्या आसपास होती. १९४० पर्यंत ती निम्म्यावर गेली. गावोगाव लोकांनी स्वतःवर कर लावून घेतला, म्हणून हे झालं. १९१७ मध्ये केंद्र सरकारनं शेती, कारागिरी आणि गृहशास्त्र शिकवायला पैसा दिला; शाळाशाळांतल्या शॉपना त्यातून बळ मिळालं. १९१८ मध्ये शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आयोगानं हायस्कूलची सात उद्दिष्टं लिहून काढली: आरोग्य, वाचन-लेखन-गणितासारखी मूलभूत कौशल्यं, कुटुंबातली जबाबदारी, व्यवसाय, नागरिकत्व, फुरसतीचा चांगला उपयोग आणि सचोटी. कॉलेजप्रवेश हे उद्दिष्ट त्या सातांत नाही. फुरसतीचा उपयोग आहे. आमचा बँड त्याच ओळीत बसतो.

त्याच सुमारास, १९१३ ते १९१६ मध्ये, हडसनच्या पलीकडे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसत होते. लोकशाही ही आधी एकत्र जगण्याची रीत आहे आणि ती शाळेत अंगवळणी पडते, हे ड्यूईंचं म्हणणं. प्राध्यापक होण्याआधी ते स्वतः पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी नावाच्या गावात हायस्कूलचे मास्तर होते. वेगवेगळ्या घरांतली मुलं एका बाकावर काय शिकतात, हे त्यांनी तिथे बघितलं असणार.

पण उपनगरांची गोष्ट सगळीच अभिमानाची नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीची गृहकर्जं मिळाली, बटाट्याच्या शेतांवर वसाहती उभ्या राहिल्या, आणि पाठोपाठ आमच्या शाळेसारख्या लांबच लांब, बैठ्या, विटांच्या इमारती. न्यू जर्सीनं १९४७ च्या राज्यघटनेत शाळांमधला वर्णभेद स्पष्ट शब्दांत बंद केला होता, देशभरच्या सार्वजनिक शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राऊन खटल्याच्या सात वर्षं आधी. तरीही १९५८ मध्ये विलिंगबरोला लेव्हिट या बिल्डरनं वसाहत काढली तेव्हा कृष्णवर्णीयांना घरं विकायला त्यानं नकार दिला. १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्याविरुद्ध निकाल दिल्यावर ते दार उघडलं. घर कुठे मिळतं यावर शाळा ठरते, हे आपण आज सहज बोलतो. त्या एका वाक्यानं कितीजणांना बाहेर ठेवलं होतं, ते विसरू नये.

पुढचा इतिहास तर भिंतींवर दिसतो. विज्ञानाच्या वर्गांतले ते काळे ओटे आणि गॅसचे नळ बघितलेत? १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये रशियाचा स्पुतनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला, आणि वर्षभरात काँग्रेसनं विज्ञान, गणित, परकीय भाषा आणि विद्यार्थ्यांचे काउन्सेलर यांच्यासाठी पैसा मंजूर केला. आपण ज्या एपीसाठी भांडतो, तो कार्यक्रम कॉलेज बोर्ड या संस्थेनं हाती घेतला १९५५ मध्ये. जिमबाहेरच्या चषकांच्या कपाटात १९७२ च्या आधीचा मुलींचा चषक शोधा. आमच्याकडे एकही नाही. १९७१-७२ मध्ये देशभरात हायस्कूलच्या संघांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी आणि मुलगे छत्तीस लाखांहून जास्त होते. मग टायटल नाइन आला, शिक्षणात मुलगा-मुलगी असा भेद करायला बंदी घालणारा कायदा. आज मुलींचा तो आकडा तीस लाखांच्या पुढे आहे, आणि आपल्या मुली त्यात आहेत, सॉकर खेळणाऱ्या, ट्रॅकवर पळणाऱ्या.

आणि १९७६ चा जुलै. शाळांना पैसा कसा पुरवायचा हे विधिमंडळ ठरवेना, तेव्हा आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांवर खर्च करण्यालाच मनाई केली. आठवड्याभरात आयकराचा कायदा झाला. तुमच्या पगारपत्रकावर न्यू जर्सी इन्कम टॅक्सची जी ओळ असते, ती शाळांच्या या भांडणातून जन्माला आली आहे.

"आम्ही एवढा कर भरतो," असं आपण म्हणतो, आणि ते खरं आहे. मालमत्ता कराच्या बिलातला साधारण निम्मा पैसा शाळांना जातो. पण माझ्या शेजारच्या आजीही तेवढाच भरतात. त्यांची मुलं शाळा सोडून चाळीस वर्षं झाली, नातवंडं टेक्ससला. दर शरदात शुक्रवारी रात्रीच्या एका तरी सामन्याला त्या पांघरूण घेऊन येतात आणि हाफटाइमला बँड वाजला की उठून उभ्या राहतात. माझ्या मुलीचा बँड त्यांनी आतापर्यंत चालवला. मी कुणाच्या मुलाची लेट बस चालवायची, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या मनातली भीती मला कळते. व्हिसा, ग्रीनकार्डची रांग, एका पगारावर चाललेलं घर. मुलांचं कॉलेज हाच एक भरवसा. त्यात सुताराच्या वर्गासाठी कोण भांडणार? म्हणून आपल्या भाषेत हिशेबही सांगते. या राज्यात हायस्कूलच्या डिप्लोमासाठी १२० क्रेडिट लागतात. त्यातली ५ दृश्य किंवा सादरीकरणाच्या कलांची आणि ५ व्यवसायशिक्षण वा तत्सम विषयांची असावीच लागतात. एपी घेणाऱ्या मुलांनाही. शॉप आणि बँड बंद झाले तर तीच क्रेडिटं उरलेल्या एक-दोन वर्गांत खच्चून भरलेल्या बाकांवर मिळवावी लागतील. रोबोटिक्सचं म्हणाल, तर हायस्कूलच्या मुलांची ती मोठी स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या एका हायस्कूलच्या जिममध्ये २८ संघांनिशी सुरू झाली, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्या यंत्राला धातू कापावा लागतो, भोक पाडावं लागतं, वेल्डिंग करून आणावं लागतं. माझी मुलगी कोडिंग घरी शिकली. कापायला शॉपमध्ये गेली. तिला तिथे ऑटो शॉपचा एक मुलगा भेटला, त्यानं तिला बोल्ट किती आवळायचा ते हातानं ओळखायला शिकवलं. तिनं त्याला ट्रिगनॉमेट्री शिकवली. ऑटो शॉप बंद झाल्यावर तो अर्धा दिवस काउंटीच्या व्होकेशनल शाळेत जायला लागला आणि संघातून गेला. यंत्र यंदा स्पर्धेत दोनदा थांबलं, दोन्ही वेळा सैल बोल्टमुळे.

काउन्सेलरचं एका ओळीत सांगते. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी हायस्कूलांवरच्या १९५९ च्या अहवालात अडीचशे ते तीनशे मुलांमागे एक काउन्सेलर असावा असं सांगितलं होतं. तुमच्या शाळेत हा आकडा किती, ते सुनावणीला विचारा.

आणि वर्तमानपत्राचं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये न्यू जर्सीनं कायदा करून शाळेच्या वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या मुलांच्या स्वातंत्र्याला संरक्षण दिलं. २०२२ च्या जानेवारीत दुसरा कायदा आला: शाळांमध्ये आशियाई-अमेरिकनांचा इतिहास शिकवायचा. हे दोन्ही आपोआप झालेले नाहीत. मुलं आणि पालक जाऊन बोलत राहिले. आमच्या शाळेच्या अंकात मागच्या वर्षी एका मराठी मुलीनं लेट बस गेल्याची बातमी लिहिली होती. बसमधल्या मुलांशी बोलून, प्रत्येकाला घरी पोचायला किती वेळ लागतो ते लिहून. बोर्डाच्या बैठकीत तो अंक एका सदस्यानं हातात धरून वाचला. दुसरी बस तेव्हा वाचली ती त्यामुळे, असं मला वाटतं. यंदा त्या बाईंचं मानधन यादीत आहे.

आता कामाचं. सुनावण्या एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात होतात. तुमच्या डिस्ट्रिक्टची तारीख त्यांच्या संकेतस्थळावर आहे. १५ मेपर्यंत शाळेला पुढच्या वर्षी कोणाला ठेवणार नाही हे शिक्षकांना कळवावं लागतं, म्हणून त्यानंतर बोलून उपयोग नाही. स्कूल बोर्डाच्या बैठकीत लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो, तसा कायदा आहे. तिथे नागरिकत्व कुणी विचारत नाही. एच-वन असो, एच-फोर असो, ग्रीनकार्ड असो, तुम्ही त्या गावात राहता एवढं पुरतं. नाव आणि पत्ता सांगायचा, मग बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. मागच्या वर्षी सगळ्यात शांतपणे ऐकलं गेलं ते एका आजोबांना, आणि त्यांचं बोलणं नातीनं भाषांतर करून सांगितलं होतं. कागदावर लिहून आणा. यायला जमत नसेल तर बोर्डाच्या सेक्रेटरींना आधी ईमेल करा.

एकच विनंती. माझ्या मुलाचं ठेवा, दुसऱ्याचं कापा, असं यंदा कुणी म्हणू नका. तुमचं मूल ज्यात नाही अशी एक गोष्ट निवडा. लेट बस, शॉप, बँड, नववीचा संघ, काहीही. सुनावणीच्या आधी एकदा जाऊन ती बघा, आणि काय बघितलंत तेवढंच सांगा. आकडे बोर्डाकडे आहेत. सूझाफोनवाला मुलगा सातला घरी पोचतो, हे त्यांच्याकडे नाही. ज्यांच्याकडे नागरिकत्व आहे आणि ज्यांना हे काम जमेल असं वाटतं, त्यांनी नोव्हेंबरच्या बोर्ड-निवडणुकीचा विचार करावा; अर्जाची मुदत जुलैच्या शेवटच्या सोमवारी संपते. आमच्या गावात एवढी वर्षं आपली एवढी घरं आहेत, आणि त्या नऊ खुर्च्यांवर आपल्यातलं कुणी अजून बसलेलं नाही.

गेल्या वर्षी माइकवर बोललेल्या गृहस्थांशी मी मागच्या महिन्यात बोलले. त्यांना मी कॉफीच्या गाडीचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, मला शुक्रवारी शाळेत जाता येईल का?" मी ऑफिसला विचारलं, आणि ते आले. कॉफी घेतली, सुटे मोजून होईपर्यंत उभे राहिले, आणि जाताना शॉपमध्ये डोकावले. सरांनी त्यांना फळीची भोकं कशी पाडली ते दाखवलं.

यंदा त्यांनी लाकूडकामावर बोलायचं ठरवलं आहे. मी लेट बसवर बोलणार आहे. सुनावणी सातला आहे, नाव नोंदवायची वही दाराशी साडेसहाला ठेवतात. मी तेव्हा तिथे असेन, डावीकडच्या दाराशी. ज्यांना एकट्यानं माइकपाशी जायचा संकोच वाटतो त्यांनी मला तिथे गाठावं, मी सोबत चालत येईन.

तुमची,
बँडमधल्या एका मुलीची आई